वारा पडल्यावर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य वर्गात साहित्य शिकवण्यात घालवलं. म्हणून मीही वर्गात शिकवावा असाच विषय निवडला: साहित्यातलं वादळ, आणि त्या वादळाच्या आगेमागे किंवा कधी अगदी मधोमध असणारी शांतता.

सुरुवात समुद्रापासून लांब, प्रवरेकाठच्या नेवाशात करू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६७व्या श्लोकात एक नाव आहे. इंद्रियांमागे धावणारं मन माणसाची बुद्धी ओढून नेतं, वारा पाण्यावरची नाव ओढून नेतो तसं, एवढंच तिथे सांगितलं आहे. नाव काठापासून किती दूर आहे, हे मूळ श्लोक सांगत नाही. १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशात त्यावर भाष्य केलं तेव्हा ती नाव त्यांनी थडीपाशी आणली. किनारा हाताशी आलेला असताना वाईट वारा सुटतो, आणि जो अपाय चुकवून नाव इथवर आली तोच तिला पुन्हा गाठतो. ज्ञानेश्वर हे बोलतात ते पोहोचलेल्या माणसाबद्दल. ज्याला मिळवायचं ते मिळालं आहे, त्यानेही इंद्रियांचे लाड केले तर दुःख त्याला घेरल्याशिवाय राहत नाही.

एका दृष्टांताची जागा थोडी हलवली आणि त्याचा सगळा अर्थ बदलला. भर समुद्रातलं वादळ रंगवणं तितकं अवघड नाही. काठाजवळचं वादळ सुचण्यासाठी शांततेचं भय कळलेलं असावं लागतं. आता पोहोचलोच म्हणून नावाड्याने वल्हं सैल सोडलं असेल, उतारूंनी बोचकी आवरायला घेतली असतील. ज्ञानेश्वर हे लिहीत नाहीत, पण वाचताना ते दिसल्यावाचून राहत नाही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. वादळाचं रूपक किती खरं, हे मी वाऱ्याच्या आणि विजांच्या वर्णनावरून ठरवत नाही. शांततेत काय दिसतं, यावरून ठरवतो. कोण आडोशाला होतं आणि कोण उघड्यावर? वारा पडल्यावर कुणाला घर उरलं? ज्यांच्या अंगावर वादळ आलंच नाही, ते त्या वेळी काय करत होते? हे प्रश्न ज्या लेखकाला पडतात, त्याच्या वादळावर मी विश्वास ठेवतो.

आपण रोज हे रूपक वापरतो. विधिमंडळात वादळ उठतं, प्रेमिकांच्या मनात वादळ उठतं, आणि निवडणुकीच्या आधी दोन दिवस बातम्या थंडावल्या की वादळापूर्वीची शांतता पसरते. समुद्रावरच्या माणसांचा अनुभव याहून बारीक आहे. दूरच्या चक्रीवादळाची खबर पुष्कळदा लाटा आधी आणतात. वारा अजून मंद असतो, आकाशात उंचावर पातळ ढगांच्या रेघा असतात, पण लांब लांब अंतराने, एका ठेक्यात, जड लाटा किनाऱ्यावर येऊ लागतात. बॅरोमीटरचा पारा हळूहळू उतरत असतो. म्हणजे त्या शांततेतही पुष्कळ काही घडत असतं आणि ते वाचता येतं. साहित्यातली शांतताही अशीच वाचावी लागते.

आता शेक्सपिअरकडे वळू. ‘किंग लिअर’चा दरबारातला प्रयोग १६०६च्या डिसेंबरातला. एरवी ही नाटकं ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहात, दिवसाउजेडी होत. ढोल बडवून आणि लोखंडी गोळे गडगडवून मेघगर्जना काढत, बाकीचं सगळं वादळ नटाच्या तोंडून. तिसऱ्या अंकात म्हातारा राजा माळावर उभा राहून आभाळाला आव्हान देतो, तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतो. मला त्या अंकातली सर्वांत मोठी जागा त्यानंतरची वाटते. समोर एक झोपडी आहे. राजाला आत जा म्हणून विनवतात. तो आधी आपल्या विदूषकाला आत पाठवतो. स्वतः बाहेर थांबतो आणि ज्यांना छप्पर नाही, ज्यांची वस्त्रं फाटलेली आहेत, पोटं रिकामी आहेत, अशा आपल्या राज्यातल्या माणसांना उद्देशून बोलतो. इतकी वर्षं राज्य केलं आणि यांच्याकडे फार कमी लक्ष दिलं, हे त्याला त्या पावसात कळतं. पोरींनी दारं लावून घेतली म्हणून तो उघड्यावर आला, आणि उघड्यावर आला म्हणून त्याला उघड्यावरची माणसं दिसली. त्या वादळाने राजाचं दुःख नुसतं मोठं केलं असतं तर ते नाटकी झालं असतं. इथे वादळ त्याला स्वतःच्या दुःखाबाहेर काढतं. ‘द टेम्पेस्ट’मध्येही पहिल्याच प्रवेशात खलाशांचा मुकादम दरबाऱ्यांना दटावून खाली पाठवतो, लाटांना राजाचं नाव ठाऊक नसतं म्हणून. पण तिथलं वादळ जादूगाराच्या मुठीत आहे, कुणी बुडणार नाही हे प्रेक्षकाला लगेच पुढच्याच प्रवेशात समजतं. लिअरच्या माळावर तसा कुणाचाच हात वर नाही.

मग येते लिअरची शांतता. चौथ्या अंकाच्या शेवटी राजा झोपेतून जागा होतो. अंगावर धुतलेले कपडे आहेत, समोर कॉर्डेलिया आहे, धाकटी, हाकलून दिलेली. तो तिची क्षमा मागतो. नाव थडीला लागली असं वाटतं. आणि पाचव्या अंकात तो तिचं प्रेत हातांवर घेऊन येतो. नेवाशात सांगितलेली गोष्ट तीनशे वर्षांनी लंडनच्या रंगभूमीवर घडली, आणि ती माणसांना सहन झाली नाही. १६८१ साली नेहम टेटने नाटकाचा शेवट बदलला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्न लावलं आणि विदूषकाला काढूनच टाकलं. दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगमंचावर हाच गोड लिअर चालला. १८३८ साली मॅक्रेडीने मूळ नाटक आणि त्यातला विदूषक परत आणले. डॉक्टर जॉन्सनसारख्या वाचकालाही कॉर्डेलियाच्या मृत्यूचा असा धक्का बसला होता की संपादनासाठी नाटक हाती घ्यावं लागेपर्यंत त्याने तो शेवट पुन्हा वाचला नाही. वादळातला लिअर लोकांना हवा होता. शांततेनंतर मरणारी मुलगी नको होती.

आपल्याकडे हे नाटक विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ म्हणून मराठीत आणलं. पण लिअर मराठी माणसाच्या घराघरांत पोहोचला तो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट मला आज सविस्तर दाखवायची आहे. कारण एकाच मराठी लेखकाच्या हातात वादळाचं रूपक अठ्ठावीस वर्षांत कसं उलटं फिरलं, हे तिच्यावरून चालताना दिसतं.

१९४२ साली कुसुमाग्रजांचा, म्हणजे शिरवाडकरांचा, ‘विशाखा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आहे. कवी तेव्हा तिशीत होता आणि देश पेटलेला होता. त्या कवितेतला दर्यावर्दी समुद्राशी तोंडावर बोलतो. वादळ त्याला बरोबरीचा प्रतिस्पर्धी वाटतं, किंबहुना कमीच वाटतं. माणसाची ईर्ष्या अनंत आहे, समुद्राला किनारा आहे, असा त्या कवितेचा ताठ कणा. संपत्ती, संसार, घर, या सगळ्या त्याला वाट अडवणाऱ्या गोष्टी वाटतात. घराकडे तो कैदखाना म्हणून बघतो. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ही कविता छाती पुढे काढून म्हटली, आणि म्हणायलाच हवी होती.

१९७० साली त्याच लेखकाचं ‘नटसम्राट’ आलं. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. लिअरची छाया त्या नाटकावर आहे, हे शिरवाडकरांनी लपवलेलं नाही. नटाने सगळं मुलांना वाटून दिलं आहे, मुलाच्या घरून तो मुलीच्या घरी जातो, तिथे चोरीचा आळ येतो, आणि नवरा-बायको रस्त्यावर येतात. शिरवाडकर लिअरचा माळ उचलून इथे आणू शकले असते. त्यांनी आणला नाही. आभाळ फाटलं आहे म्हणून गणपतराव बेघर झालेले नाहीत. ते बेघर झाले ते चांगल्या बांधलेल्या घरांमधून, नीटनेटक्या दिवाणखान्यांमधून. बाहेर सारं ठीक चाललेलं आहे. म्हणून ते वादळाला हाक मारत नाहीत, स्वतःलाच वादळ म्हणवून घेतात. आणि ते वादळ जगाकडे काय मागतं? घर मागतं. भिंती आणि छप्पर यांच्यावाचून, माणसाच्या मायेवाचून भटकणारं हे वादळ, जिथून कुणी उठवणार नाही एवढी एक जागा दारोदार विचारत फिरतं.

१९४२ साली वादळाला सामोरा जाणारा माणूस घराला कैद समजत होता. १९७० साली वादळच घराची भीक मागत आहे. हा फरक केवळ वयाचा आहे असं मला वाटत नाही, जरी शिरवाडकर तेव्हा साठीकडे झुकले होते. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, शहरं वाढली होती, जागांचे भाव चढले होते, एकत्र कुटुंबं फ्लॅटमध्ये मावेनाशी झाली होती. घर ही गोष्ट कवितेतल्या वीराला तुच्छ वाटली तरी म्हाताऱ्या माणसाला ती श्वासाइतकी लागते, हे महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला तोवर कळलं होतं. म्हणून ते स्वगत इतकं खोल गेलं. ज्यांनी शेक्सपिअर कधी वाचला नाही, अशा माणसांनी ते तोंडपाठ केलं. आज त्याच्या नकला होतात याचं मला वाईट वाटतं, पण त्यामागची माणसाची दशा बदललेली नाही. आपल्या शहरांमधल्या वृद्धाश्रमांच्या पायऱ्या चढून बघा.

आता शांततेविषयी. या बाबतीत माझा गुरू जोसेफ कॉनरॅड. लेखक होण्याआधी हा माणूस बरीच वर्षं जहाजांवर होता. १८८८ साली त्याने बँकॉकमध्ये ‘ओटागो’ नावाच्या शिडाच्या जहाजाची कप्तानकी घेतली. वादळाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट त्याची, १९०२ सालची ‘टायफून’. आणि वारा पडल्याची सर्वांत भयंकर गोष्टही त्याचीच, १९१७ सालची ‘द शॅडो-लाइन’.

‘टायफून’मधलं ‘नान-शान’ हे वाफेचं जहाज चीनच्या समुद्रात आहे. तळघरात दोनशे चिनी मजूर आहेत, परदेशात वर्षानुवर्षं राबून घरी निघालेले. प्रत्येकाच्या पेटीत त्याची कमाई आहे, चांदीच्या डॉलरांत. कप्तान मॅकव्हर हा कल्पनाशक्ती नसलेला, शब्दांचा तुटवडा असलेला माणूस. वादळ टाळायचं कसं हे सांगणारं पुस्तक त्याच्याकडे आहे. ते वाचून त्याला एवढंच वाटतं की न आलेल्या वादळाला वळसा घालून जादा कोळसा जाळला तर मालकाला काय सांगणार? तो जहाज सरळ वादळात नेतो. तळघरात पेट्या फुटतात, डॉलर विखुरतात, आणि काळोखात माणसं त्या पैशांसाठी एकमेकांच्या अंगावर पडतात.

मग मधोमध वारा पडतो. चक्रीवादळाच्या डोळ्यात जहाज शिरतं. वर आकाशात तारे दिसू लागतात, सभोवती ढगांची भिंत, आणि समुद्र मात्र चारी बाजूंनी उसळतो, कारण लाटांना दिशाच उरलेली नसते. या शांततेत कप्तान आपल्या खोलीत जातो. काळोखात चाचपून काडेपेटी काढतो. ती नेहमीच्या जागी सापडते. काडीच्या उजेडात बॅरोमीटर बघतो. पारा इतका खाली गेलेला त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. खोलीतल्या सगळ्या वस्तू जागच्या हलल्या आहेत, आणि त्यानंतर तो काडेपेटी पुन्हा तिच्या ठरलेल्या जागी ठेवू लागतो. जगबुडी चाललेली असताना काडेपेटी जागेवर ठेवणारा हा हात मला कोणत्याही वीराच्या मुठीपेक्षा मोठा वाटतो. ती कदाचित पुन्हा कधी लागणारही नाही, असं मनात आलं तरी तो ती तिथेच ठेवतो.

वादळाचा दुसरा अर्धा भाग कॉनरॅड लिहीतच नाही. पुढचं प्रकरण उघडतं तेव्हा जहाज बंदराला लागलेलं असतं. असं का केलं असावं? मला वाटतं, त्याला जे सांगायचं होतं ते वाऱ्यात नव्हतंच. मजुरांच्या पैशांचं काय झालं, हे त्याला सांगायचं होतं. कुणाचे किती डॉलर हे आता कुणालाच कळणार नाही. कप्तान सगळे डॉलर गोळा करवतो आणि सर्वांना सारखे वाटून देतो, कारण सगळ्यांनी सारखाच काळ काम केलेलं होतं. तीन डॉलर उरतात. सर्वांत जास्त जखमी झालेल्या तिघांना ते मिळतात. वादळातून काय निघालं असं मला विचाराल तर मी हे तीन डॉलर दाखवीन.

आणि एक पत्र. कप्तान बायकोला इंग्लंडमध्ये लांबलचक पत्र लिहितो. जहाज आता तासभरही तग धरणार नाही असं एका क्षणी आपल्याला वाटलं, हेही त्यात लिहितो. ती आरामात बसून पानं चाळते, नेमकी ती ओळ तिच्या नजरेतून निसटते, आणि ती खरेदीला निघते. वादळाभोवतीची शांतता ही अशीही असते. ती वाचणाऱ्याच्या घरात असते.

‘द शॅडो-लाइन’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट प्रत्येकाने स्वतः वाचायची आहे. नवा, तरुण कप्तान. सयामच्या आखातात वारा पडलेला. शिडं लोंबकळत आहेत, खलाशी एकामागून एक तापाने फणफणत आहेत. औषधाच्या पेटीत कोयनेलच्या बाटल्या आहेत म्हणून त्याला धीर आहे, आणि एक दिवस बाटली उघडल्यावर कळतं की आधीच्या कप्तानाने कोयनेल विकून त्या जागी भलतीच भुकटी भरून ठेवली आहे. वाऱ्याशी झुंजता येतं. न वाहणाऱ्या वाऱ्याशी कशी झुंज घेणार? तिथे माणूस फक्त स्वतःच्या अपराधाबरोबर उरतो. १७९८ साली कोलरिजने म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेत असाच थिजलेला समुद्र रंगवला होता, आणि तोवर तो स्वतः लांबच्या सागरी प्रवासाला गेलेलाही नव्हता. कॉनरॅडने ते अंगावर काढलं होतं, आणि ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलं. खंदकांत वाट बघत बसलेल्या पोरांची शांतता त्यात आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण घेतो. अमिताव घोष यांच्या २००४च्या ‘द हंग्री टाइड’ या कादंबरीत सुंदरबनातलं चक्रीवादळ आहे. फोकिर हा मच्छीमार आणि पिया ही संशोधक एका झाडाला स्वतःला बांधून घेतात. डोळा वरून जातो. शांततेत त्यांना ठाऊक असतं की आता वारा उलट्या दिशेने येणार, म्हणून ते झाडाच्या दुसऱ्या बाजूला जातात. उरलेल्या वादळात फोकिर पियाला आपल्या अंगाने झाकतो आणि उडत आलेल्या ओंडक्याने मरतो. एकाचं शरीर दुसऱ्याचा आडोसा होतं. त्याच कादंबरीत हेन्री पिडिंग्टनची हकीकत येते. कोलकात्याच्या या माणसाने वादळांचा अभ्यास केला आणि मातला नदीवर बंदर उभारू नका, वादळात ते वाहून जाईल, असं सरकारला लिहून कळवलं. कॅनिंग बंदर तरीही बांधलं गेलं आणि १८६७च्या वादळात उद्ध्वस्त झालं. शांततेच्या दिवसांत लिहिलेलं पत्र न वाचण्याचा हा दुसरा दाखला.

आणि आपला किनारा? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यासह. ते मुंबईवर येणार म्हणून आदल्या दिवसापासून सारे दूरचित्रवाणीसमोर बसले होते. ते किंचित दक्षिणेला सरकलं. मुंबई वाचली, असं आपण म्हणालो आणि सुस्कारा सोडला. त्याच दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं, पत्रे उडाले. विजेचे खांब पडले, फोन बंद झाले, वर करोनाची टाळेबंदी. सुपारीचं झाड धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळालाही थोडी नाहीत. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आलं तेव्हा मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरची ७०हून अधिक कामगार माणसं गेली. वादळाची सूचना आधीच मिळालेली होती. ‘नान-शान’च्या तळघरातले मजूर मला तेव्हा आठवले, आणि जादा कोळशाचा तो हिशेबही.

या दोन वादळांवर आपण बातम्या लिहिल्या, अहवाल लिहिले. मराठी कथा-कादंबरीकडून मला अजून हवं आहे. वादळाच्या दिवसाचं वर्णन नको, ते चित्रफितींत आहे. मला हवी असलेली कादंबरी ४ जूनला सकाळी सुरू होते. वारा पडला आहे, ऊन आहे. आजोबांनी लावलेली झाडं तोडून वाट मोकळी करणारा माणूस त्यात हवा. पंचनाम्याची वाट बघणारी बाई, वाडी कुणाच्या नावावर आणि कष्ट कुणाचे हा भावाभावांतला वाद, कुळाचं झोपडं गेलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं हा तलाठ्यासमोरचा प्रश्न, हे सगळं त्यात हवं. चार-पाच दिवसांनी टेकडीवर चढून, रेंज मिळवून, मुंबईतल्या धाकट्याला केलेला फोनही हवा. वाडी गेली, असं थोरला त्याला सांगतो. आणि धाकटा त्यावर काय म्हणतो, ते लेखकाने अगदी जसंच्या तसं लिहावं.